दहा पौंडांत ऑस्ट्रेलिया: युद्धोत्तर साहाय्यित प्रवास योजनेची पात्रता, कागदपत्रे आणि अटी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कुटुंबांना सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियात नेऊन वसवणारी योजना तिच्या शुल्कामुळे, म्हणजे माणशी दहा पौंडांमुळे, प्रसिद्ध झाली. तिचा पाया मार्च १९४६ मध्ये दोन्ही सरकारांनी केलेल्या करारांत होता आणि अंमल ३१ मार्च १९४७ पासून सुरू झाला. त्याआधी, जुलै १९४५ मध्ये, ऑस्ट्रेलियाने स्थलांतरासाठी स्वतंत्र खाते उघडले होते आणि आर्थर कॉलवेल हे त्याचे पहिले मंत्री झाले होते. जपानी विमानांनी १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर बॉम्ब टाकल्यापासून एवढा मोठा खंड पाऊण कोटी लोकांच्या बळावर राखता येणार नाही, ही धास्ती तेथील राज्यकर्त्यांच्या मनात बसली होती. शिवाय कारखाने, रेल्वे आणि घरबांधणी या सर्वांना माणसे हवी होती. मात्र दहा पौंड भरण्याची तयारी एवढ्यावर कोणाचाही अर्ज मंजूर होत नसे. तिकडे उतरल्यावर या कुटुंबाला छप्पर कोण देणार, या प्रश्नाच्या उत्तरावर बहुतेक सारे अवलंबून असे.

करार दोन होते आणि त्यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. पहिला मोफत प्रवासाचा होता. तो युद्धात सेवा केलेले ब्रिटिश सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कुटुंबीय मंडळी यांच्यासाठी होता. दुसरा सर्वसाधारण नागरिकांसाठी असून त्यात प्रौढाला दहा पौंड आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला पाच पौंड भरावे लागत. १४ वर्षांखालील मुलांना काहीच द्यावे लागत नसे. जहाजाचे पूर्ण भाडे तेव्हा माणशी सुमारे १२० पौंड होते, हे लक्षात घेता आईवडील आणि तीन लहान मुले अशा कुटुंबाला अवघ्या वीस पौंडांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाता येई. उरलेला खर्च सरकारी तिजोरीतून होई.

पात्रतेच्या अटी वरवर साध्या होत्या. अर्जदार ब्रिटिश प्रजाजन असावा, ब्रिटनमध्ये राहणारा असावा, त्याची प्रकृती आणि वर्तन चांगले असावे, वय साधारणपणे ४५ च्या आत असावे आणि तिकडे उपयोगी पडेल असा धंदा किंवा कसब त्याच्या हाती असावे. गवंडी, सुतार, नळजोडणी करणारे यांना आरंभी विशेष मागणी होती. याखेरीज एक अट अशी होती की तिच्यापुढे बाकीच्या अटींना काही अर्थच उरत नसे: अर्जदार युरोपीय वंशाचा असला पाहिजे. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यापासून चालत आलेले श्वेतवर्णीय धोरण तेव्हा पूर्ण जोरात होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ‘मनूरा’ हे ऑस्ट्रेलियन नौदलाचे जहाज मुंबईहून शेकडो प्रवासी घेऊन फ्रीमँटल बंदरात पोहोचले. त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच आहेत हे पाहून तेथील अधिकारी अस्वस्थ झाले आणि मिश्र वंशाच्या अर्जदारांबाबतची छाननी अधिक कडक करण्यात आली. साम्राज्याची नोकरी आयुष्यभर केलेल्या माणसाला, ब्रिटिश पारपत्र हाती असूनही, रंगावरून बाजूला काढता येत होते. योजनेच्या रंगीत जाहिरातींत याचा उल्लेख नसे, यात नवल नाही.

आता निवाऱ्याच्या हमीविषयी. युद्धकाळात बांधकाम ठप्प झाल्याने ऑस्ट्रेलियात घरांची मोठी टंचाई होती आणि आधीच्या रहिवाशांना मिळत नसलेली घरे नवागतांना दिल्यास असंतोष होईल हे सरकार जाणून होते. म्हणून प्रत्येक अर्जामागे ऑस्ट्रेलियातील कोणीतरी पुरस्कर्ता, म्हणजे निवासाची हमी घेणारा, असणे आवश्यक ठरवले गेले. पहिला मार्ग व्यक्तिगत हमीचा: तेथे आधीच स्थायिक झालेला भाऊ, मामा किंवा मित्र या कुटुंबाच्या राहण्याची हमी लेखी देई. दुसरा मार्ग गटाच्या हमीचा: एखादा उद्योग, चर्च किंवा राज्य सरकार ठरावीक माणसांची मागणी करी व त्यांची सोय लावी. तिसऱ्या मार्गात केंद्र सरकार स्वतःच पुरस्कर्ता होऊन निवासाची व्यवस्था सरकारी वसतिगृहात करी. ज्याचे तिकडे कोणीच नाही त्याला हा तिसराच मार्ग उरे. पण पहिल्या काळात तो मुख्यतः एकट्या कारागिरांसाठी खुला होता, कारण कुटुंबांना ठेवण्याजोग्या जागाच नव्हत्या. वसतिगृहे वाढली तसतसा तो बायकामुले असलेल्यांसाठीही मोकळा झाला. परिणामी ज्याचा मेहुणा मेलबर्नमध्ये होता त्याचा अर्ज पुढे सरके आणि त्याच गल्लीतला, त्याच कारखान्यातला शेजारी यादीत ताटकळत राही.

अर्ज लंडनमधील स्ट्रँड रस्त्यावरील ऑस्ट्रेलिया हाउस येथे पोहोचत असत. कुटुंबातील प्रत्येकाचा जन्मदाखला, पतिपत्नीचा विवाहदाखला, सैन्यात असल्यास सेवामुक्तीचे कागद, धंद्याचे प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवणारी प्रमाणपत्रे आणि पुरस्कर्त्याचे हमीपत्र ही कागदपत्रे महत्त्वाची असत. प्राथमिक छाननीनंतर ऑस्ट्रेलियन निवड अधिकारी मुलाखत घेई व पाठोपाठ वैद्यकीय तपासणी होई. क्षयाच्या शक्यतेमुळे छातीच्या क्ष-किरण चित्राला विशेष महत्त्व होते. निवड कुटुंबाची एकत्र होत असल्यामुळे एका मुलाच्या आजाराने साऱ्या घराचा अर्ज अडकू शकत असे.

मंजुरी मिळाल्यावरही जहाजात जागा मिळेपर्यंत थांबणे आलेच, कारण युद्धात जहाजे मोठ्या संख्येने बुडाली होती आणि उरलेल्यांतील अनेक अजून सैनिकांना घरी पोहोचवण्यात गुंतली होती. या योजनेतील पहिले जहाज ‘ऑर्मोंड’ ऑक्टोबर १९४७ मध्ये लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून निघाले. १९४९ पासून या कामी आलेल्या ‘जॉर्जिक’ जहाजाची कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल: १९४१ मध्ये सुएझजवळ जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जळाले, ओढत ओढत कराचीला आणले गेले आणि पुढे मुंबईच्या गोदीत डागडुजी होऊन ब्रिटनला परतले. अशा जहाजांवर पुरुष एका दालनात आणि स्त्रिया व मुले दुसऱ्या दालनात झोपत, त्यामुळे प्रवासाचे कित्येक आठवडे पतिपत्नींची भेट जेवणाच्या टेबलावर किंवा डेकवरच होई.

या सवलतीच्या बदल्यात कुटुंबाला किमान दोन वर्षे ऑस्ट्रेलियात राहणे बंधनकारक होते. त्याआधी परतायचे झाल्यास सरकारने भरलेले भाडे परत करावे लागे आणि परतीचे तिकीटही स्वखर्चाने काढावे लागे. मजुराच्या पगारात ही रक्कम सहजासहजी उभी राहत नसे, तेव्हा ही अट प्रत्यक्षात पक्क्या बेडीचे काम करी. युद्धामुळे निर्वासित झालेल्या पूर्व युरोपीयांना मात्र याहून कडक करार होता: त्यांना दोन वर्षे सरकार नेमून देईल ते काम, सरकार पाठवील त्या ठिकाणी करावे लागे, आणि त्यापायी कितीतरी कुटुंबांत पती एका गावी व पत्नी-मुले दुसऱ्या छावणीत अशी फाटाफूट झाली. ब्रिटिश कुटुंबांना नोकरी निवडण्याची मुभा होती. वसतिगृहातील अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या, सामाईक स्नानगृहे आणि भोजनगृहातले तेच ते मटण मात्र त्यांच्याही वाट्याला आले, आणि त्यासाठी दर आठवड्याला भाडे मोजावे लागे.

१९७३ मध्ये वंशाची अट धोरणातून काढून टाकण्यात आली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ही योजनाही बंद झाली. तोवर दहा लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिक तिच्या आधारे गेले होते. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश लोक कधी ना कधी मायदेशी परतले, आणि अशांपैकी बरेच जण पुन्हा ऑस्ट्रेलियाची वाट धरून गेले. या काळातील एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा असल्यास ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्थलांतराची कागदपत्रे पाहता येतात. शोध घेताना कुटुंबप्रमुखाचे पूर्ण नाव, जहाजाचे नाव आणि पोहोचल्याचे वर्ष हाताशी असावे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परदेशी निघालेल्या प्रवाशांच्या याद्या १९६० पर्यंतच्याच आहेत आणि त्या समुद्रमार्गे गेलेल्यांच्या आहेत, त्यामुळे विमानाने गेलेले कुटुंब तेथे सापडणार नाही.