मंडळाला दिलेला प्रत्येक डॉलर करातून वजा होतो का?

डिसेंबर उजाडला की शिकागोकडच्या देशी ग्रुपांवर एक निरोप हमखास फिरतो: ‘मंडळ नॉन-प्रॉफिट आहे, दिलेला प्रत्येक डॉलर करातून वजा होतो.’

समज अगदीच निराधार नाही, पण अर्धाच खरा आहे. राज्यात ना-नफा म्हणून नोंदणी होणं वेगळं आणि संघीय आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मिळणं वेगळं; देणगीची वजावट मिळते ती या दुसऱ्या मान्यतेमुळे. ५०१(सी)(७) मधल्या सोशल क्लबला स्वतःला करमाफी असते, देणगीदाराला मात्र वजावट नाही.

आता गणपतीचं तिकीट घ्या. १०० डॉलर भरले; जेवण आणि नाटकाची किंमत ७० धरली, तर देणगी उरते ३० डॉलर. भरलेली एकूण रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हा हिशेब मंडळानेच लेखी द्यायचा असतो. मोदक वळण्यात घालवलेल्या वेळाची वजावट नाही, कितीही वळले तरी! शिवाय वजावट करपात्र उत्पन्नातून होते, करातून नव्हे.

खात्री करायची तर पावतीवरचा ईआयएन, म्हणजे संस्थेचा नऊ आकडी कर-ओळख क्रमांक, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या शोधयादीत टाका. देऊळ तिथे दिसलं नाही तर लगेच शंका नको. प्रार्थनास्थळांना अर्ज न करताही ही मान्यता असू शकते.