फळझाडांखालची सुगंधी आंतरपिके: कीड कमी होते ती वासामुळेच का?

फळझाडांच्या ओळींमध्ये पुदिना, सब्जा, झेंडू किंवा पाचोली (पानांतून सुगंधी तेल देणारे झुडूप) घ्यावी, ही शिफारस आता सर्रास ऐकायला मिळते. मोकळ्या जागेतून जादा उत्पन्न मिळते आणि वासाने कीड दूर राहते, अशी तिची दोन कारणे सांगितली जातात. पहिल्या कारणावर फारसे दुमत नाही. दुसरे मात्र गेली साठ वर्षे वादात आहे आणि शिफारस करणारे त्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

झाडाखाली काही वाढू द्यावे की नको, हा प्रश्न जुनाच आहे. अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधते, अशी नोंद पहिल्या शतकातल्या रोमन लिखाणात सापडते. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या एका प्रायोगिक बागेत गवतातल्या सफरचंदांची वाढ खुंटली. गवताच्या मुळांतून विषारी द्रव्य झिरपते, असा निष्कर्ष तिथे निघाला. त्यातला बराचसा परिणाम पाणी आणि नत्र यांच्या ओढाताणीचा होता, हे पुढे लक्षात आले. तोवर ‘झाडाखाली जमीन स्वच्छ हवी’ हे मत घट्ट झाले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तणनाशके आली आणि ते पाळणे सोपे झाले.

वासाचा मुद्दा खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९६४ मध्ये, आणि तोही बागेतून नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सुगंधी झुडपांभोवती गवत न उगवलेले उघडे पट्टे दिसत. पानांतून उडणारी तैलद्रव्ये गवताची रोपे मारतात, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आणि ते झपाट्याने पसरले. १९७० मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने त्या पट्ट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवले, तेव्हा आत गवत उगवले. झुडपांच्या आडोशाला राहणारे उंदीर-ससे तिथले बी आणि कोंब फस्त करत होते. द्रव्यांचा परिणाम शून्य ठरला असे नाही, पण सगळे श्रेय वासाला देता येईना. ‘सुगंधी झाड शेजाऱ्यावर रासायनिक सत्ता गाजवते’ ही कल्पना मात्र लोकांच्या मनातून गेली नाही, आणि कीडनियंत्रणाच्या शिफारशींतही ती तशीच शिरली.

१९७३ मध्ये कोबीच्या कुळातल्या पिकावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकटे पीक आणि इतर वनस्पतींत मिसळलेले पीक यांच्यावरच्या किडींची त्यात तुलना होती. यजमान पीक एकाच जागी दाट असले की त्यावर जगणारी कीडही तिथेच साठते आणि टिकते, हे त्यातून पुढे आले. मिश्र लागवडीत किडीचे शत्रू अधिक सापडतात, असे दुसरे स्पष्टीकरणही तेव्हाच मांडले गेले. यांपैकी कशालाच सुगंधाची गरज नव्हती.

माझ्या मते निर्णायक काम २००३ चे आहे. कोबीच्या मुळांवर जगणारी माशी अंडी घालण्याआधी पानावर अनेकदा उतरून खात्री करते. मध्येच ती दुसऱ्याच हिरव्या पानावर उतरली की तिचा क्रम मोडतो. २४ वनस्पती शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा उग्र वासाच्या वनस्पती बिनवासाच्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्याआधीच्या प्रयोगांत तर हिरव्या कागदानेही माशी फसली होती. हे भाजीपाल्याचे निष्कर्ष आहेत, ते उंच झाडाच्या शेंड्यावरच्या माव्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी ‘वासाने कीड पळते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना या निष्कर्षांचे उत्तर द्यावे लागेल.

२०१० च्या सुमारास बीजिंगजवळच्या नासपतीच्या बागांत अजेरॅटम (निळसर फुलांची एक वासाची वनस्पती), झेंडू आणि सब्जा लावून पाहिले गेले. काही किडी घटल्या, मित्रकीटकांचे प्रमाण वाढले. त्यात वास किती, फुलांतला मकरंद किती आणि झाकलेल्या जमिनीतला आसरा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

उत्पन्नाच्या बाजूला १९८० च्या सुमारास एक माप रूढ झाले. एक एकर मिश्र लागवडीतून दोन्ही पिकांचे जे उत्पादन मिळते, तेच स्वतंत्र लागवडीत मिळवायला किती एकर लागतील, हे ते सांगते. उत्तर एकाहून जास्त आले की मिश्र लागवड फायद्याची. सुगंधी पिकांत हे माप हिरव्या पाल्याच्या वजनावर लावले तर फसगत होते, कारण विकायचे असते ते तेल. सब्जाला दाट सावलीत तेल कमी सुटते आणि त्यातल्या घटकांचे प्रमाणही बदलते. पुदिन्याला लांब दिवस आणि भरपूर ऊन लागते. पाचोली अर्धवट सावलीत चांगली येते, म्हणून ती वाढलेल्या बागेतही टिकते. बाकीच्यांची सोय झाडे लहान असताना किंवा छाटणीनंतर, म्हणजे घेर मिळून सावली दाटेपर्यंतच असते. त्या काळातही झाडाच्या बुंध्याजवळची जागा मोकळी ठेवावी लागते, कारण पाण्यावरून आणि नत्रावरून होणारी जी ओढाताण इंग्लंडच्या बागेत विष समजली गेली, ती इथेही होते.