यील्ड आणि ॲटम इकॉनॉमी: दोन टक्केवाऱ्या, दोन वेगळे प्रश्न

१९८०च्या दशकात फ्लोरोग्लुसिनॉल हा पदार्थ कारखान्यात टीएनटीपासून बनवला जायचा. टीएनटी म्हणजे स्फोटकांमधला तोच टीएनटी. औषधनिर्मितीत मधला दुवा म्हणून फ्लोरोग्लुसिनॉल लागते. तीन टप्प्यांच्या त्या प्रक्रियेचा एकूण उतारा (यील्ड) ९० टक्क्यांच्या वर होता. तीन टप्पे ओलांडून ९० टक्के माल हाती येणे ही कुठल्याही प्रयोगशाळेत पाठ थोपटण्याजोगी गोष्ट. तरीही दर किलो फ्लोरोग्लुसिनॉलमागे सुमारे ४० किलो घन कचरा निघायचा आणि त्यात क्रोमियमचे क्षार असायचे. त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च मालाच्या विक्रीच्या किमतीला भिडू लागला, तेव्हा ते उत्पादन बंद करावे लागले. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी हे उदाहरण पुढे वारंवार सांगितले.

उतारा ९० टक्के, तर ४० किलो कचरा आला कुठून? हा प्रश्न ज्याला खरोखर पडला, त्याला यील्ड आणि ॲटम इकॉनॉमी यांतला फरक अर्धा समजला. विद्यापीठांतले हरित रसायनशास्त्राचे, म्हणजे कमी कचऱ्याच्या आणि कमी घातक रसायनशास्त्राचे, संशोधन गट आपल्या कामगिरीबद्दल सांगतात तेव्हा हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात येतात. दोन्ही टक्क्यांत असतात, दोन्ही जितके जास्त तितके चांगले, आणि दोन्हींना ‘कार्यक्षमता’ असेच म्हटले जाते. त्यामुळे वाचणारा गोंधळतो. कधी कधी लिहिणाराही गोंधळलेला असतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

यील्ड म्हणजे उतारा. समीकरणाप्रमाणे जास्तीत जास्त जितका पदार्थ मिळू शकला असता, त्यातला किती प्रत्यक्षात मिळाला, एवढेच तो सांगतो. महाविद्यालयात अनेकांनी केलेला ॲस्पिरिनचा प्रयोग घेऊ. सॅलिसिलिक आम्लाचा रेणुभार १३८, ॲसेटिक ॲनहायड्राइडचा १०२. दोघांच्या अभिक्रियेतून १८० रेणुभाराचे ॲस्पिरिन मिळते आणि ६० रेणुभाराचे ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. १.३८ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतले, तर फार तर १.८० ग्रॅम ॲस्पिरिन होऊ शकते. गाळून, धुऊन, वाळवून १.५३ ग्रॅम भरले, तर उतारा ८५ टक्के.

आता या हिशेबात काय नाही ते बघा. बाहेर पडलेले ॲसेटिक आम्ल कुठेच नाही. ॲनहायड्राइड दुप्पट घातले असले, तरी उताऱ्याला त्याचा पत्ता नाही, कारण तो फक्त कमी पडणाऱ्या घटकावर, म्हणजे इथे सॅलिसिलिक आम्लावर मोजला जातो. बाकी काय आणि किती ओतले, हा प्रश्न उतारा विचारतच नाही.

तो प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात विचारला आणि त्याला ॲटम इकॉनॉमी हे नाव दिले. मराठीत अणूंची काटकसर म्हणू. हव्या असलेल्या पदार्थाच्या रेणुभाराला सगळ्या अभिकारकांच्या रेणुभारांच्या बेरजेने भागायचे. ॲस्पिरिनसाठी १८० भागिले २४०, म्हणजे ७५ टक्के. प्रयोग कितीही निगुतीने केला, एक कणही सांडू दिला नाही, उतारा १०० टक्के आला, तरी आत गेलेल्या वजनाचा चौथा हिस्सा ॲस्पिरिनमध्ये येणार नाही. ते समीकरणातच लिहिलेले आहे.

माझ्या मते फरकाचा गाभा इथे आहे. ॲटम इकॉनॉमी काढायला प्रयोगशाळेत पाऊलही टाकावे लागत नाही; कागद आणि रेणुभारांचा तक्ता पुरतो. उतारा मात्र प्रयोग केल्याशिवाय कळत नाही. हात बसला, तापमान नीट राखले, चांगला उत्प्रेरक सापडला की उतारा वाढतो. ॲटम इकॉनॉमी यांपैकी कशानेही तसूभर हलत नाही. ती वाढवायची तर अभिक्रियाच बदलावी लागते, दुसऱ्या वाटेने जावे लागते. म्हणून एखाद्या गटाने ‘आम्ही तापमान बदलून ॲटम इकॉनॉमी सुधारली’ असे लिहिले, तर तिथे शब्द चुकला आहे हे नक्की समजा.

फ्लोरोग्लुसिनॉलकडे परत जाऊ. त्या मार्गात टीएनटीबरोबर पोटॅशियम डायक्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल, लोखंड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लागायचे. संपूर्ण समीकरण मांडले तर १२६ ग्रॅम फ्लोरोग्लुसिनॉलसाठी सुमारे २,२८० ग्रॅम अभिकारक आत जातात. ॲटम इकॉनॉमी साडेपाच टक्के! फक्त लोखंडाचे क्लोराइडच मालाच्या नऊपट वजनाचे. कागदावरच किलोमागे सतराएक किलो बाकीचे पदार्थ ठरलेले होते. प्रत्यक्षात अभिकारक गरजेपेक्षा जास्त घालावे लागले, उरलेले आम्ल उदासीन करावे लागले, आणि आकडा ४० वर गेला. ९० टक्के उतारा खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता.

सेंद्रिय रसायनाच्या विद्यार्थ्यांना विटिग अभिक्रिया लाडकी असते, आणि ती आहेच देखणी. जिथे पाहिजे तिथेच दुहेरी बंध बसतो. जॉर्ज विटिग यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेच काम होते. पण सायक्लोहेक्झॅनोनपासून मेथिलिनसायक्लोहेक्झेन करताना एका मेथिलिन गटाची ने-आण करायला ट्रायफेनिलफॉस्फिनचा अवजड सांगाडा राबतो आणि शेवटी २७८ रेणुभाराचे ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड होऊन बाजूला पडतो. हवा असलेला पदार्थ अवघा ९६ रेणुभाराचा. तयार इलाइडपासून, म्हणजे ट्रायफेनिलफॉस्फिनला मेथिलिन गट जोडलेल्या अभिकारकापासून, मोजले तरी ॲटम इकॉनॉमी सुमारे २६ टक्के. इलाइड बनवायला लागलेले क्षार आणि आम्लारी धरले तर आणखी खाली. उतारा मात्र सहज ८५–९० टक्के येऊ शकतो.

उलटी बाजूही तितकीच खरी आहे. इथिलीन ऑक्साइड पूर्वी क्लोरोहायड्रिन मार्गाने बनवत. इथिलीन, क्लोरीन आणि चुना आत. इथिलीन ऑक्साइड, कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी बाहेर. ४४ भागिले १७३, म्हणजे २५ टक्के. मग चांदीच्या उत्प्रेरकावर इथिलीनची ऑक्सिजनशी थेट अभिक्रिया घडवायची पद्धत आली. समीकरणात दुसरे काहीच बाहेर पडत नाही, म्हणून ॲटम इकॉनॉमी १०० टक्के. म्हणजे कचरा शून्य? नाही. इथिलीनचा काही भाग तिथे जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतो. ही गळती ॲटम इकॉनॉमीला दिसत नाही, कारण ती फक्त आपल्याला हवे असलेले समीकरण वाचते. न लिहिलेली, नको असलेली अभिक्रिया उताऱ्यातच पकडली जाते. या उद्योगात चांदीच्या उत्प्रेरकावर दशकानुदशके काम झाले ते हीच गळती कमी करण्यासाठी. शंभर टक्के ॲटम इकॉनॉमी मिळाल्यावरही काम संपत नाही, हे मला त्या इतिहासात फार मोलाचे वाटते.

दोन्ही आकड्यांना एकत्र आणणारा एक तिसरा आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे: रिअ‍ॅक्शन मास एफिशियन्सी. प्रत्यक्ष मिळालेले वजन भागिले प्रत्यक्ष घातलेल्या अभिकारकांचे वजन. ॲस्पिरिनमध्ये १.३८ ग्रॅम आम्लाबरोबर २.०४ ग्रॅम, म्हणजे दुप्पट ॲनहायड्राइड घातले असेल, तर १.५३ भागिले ३.४२, म्हणजे जेमतेम ४५ टक्के. उतारा ८५, ॲटम इकॉनॉमी ७५, आणि खरी कमाई ४५. तिन्ही आकडे एकाच चंचुपात्रातले आहेत.

मार्ग बदलला की काय होते याचे सगळ्यात जास्त शिकवले जाणारे उदाहरण आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे. बूट्स कंपनीची १९६०च्या दशकातली पद्धत सहा टप्प्यांची होती. सगळ्या अभिकारकांची बेरीज ५१४.५, आयबुप्रोफेन २०६, ॲटम इकॉनॉमी ४० टक्के. बूट्स, हेक्स्ट आणि सेलानीज यांच्या संयुक्त कंपनीने ते तीन टप्प्यांत आणले: २०६ भागिले २६८, म्हणजे ७७ टक्के. पहिल्या टप्प्यात निघणारे ॲसेटिक आम्ल परत मिळवून वापरात आणले आणि तेही उपयोगी उत्पादन धरले, तर ९९ टक्के. टेक्ससमधल्या बिशप इथे १९९२ मध्ये हा कारखाना सुरू झाला आणि १९९७ मध्ये या कामाला अमेरिकेचा अध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार मिळाला. इथे टप्पे कमी झाल्याचा फायदा उताऱ्यालाही होतो. प्रत्येक टप्पा ९० टक्क्यांचा धरला, तर सहा टप्प्यांनंतर ५३ टक्के उरतात, तीन टप्प्यांनंतर ७३. मार्ग नीट निवडला की दोन्ही आकडे एकत्र वर जाऊ शकतात, ते एकमेकांचे शत्रू नाहीत.

पण त्याच प्रक्रियेत पहिल्या टप्प्याला हायड्रोजन फ्लोराइड वापरतात. ते जवळजवळ पूर्ण परत मिळवले जाते हे खरे, पण ते अत्यंत घातक आहे हेही खरे, आणि ७७ किंवा ९९ या आकड्यांत त्याचा मागमूस नाही. अणूंची काटकसर विषारीपणा मोजत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन मिळून फॉस्जीन होते. ॲटम इकॉनॉमी १०० टक्के, आणि पदार्थ असा की पहिल्या महायुद्धात तो माणसे मारायला वापरला गेला.

पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांत ॲटम इकॉनॉमी दुसऱ्या क्रमांकावर आहे. उताऱ्याला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. रसायनशास्त्रज्ञ उतारा वाढवायला आधीपासूनच धडपडत होते, त्यासाठी नव्या तत्त्वाची गरज नव्हती, असे मी समजतो. पहिले तत्त्व मात्र कचरा मुळात होऊच न देण्याचे आहे, आणि त्याला शेल्डन यांचा ई-फॅक्टर जवळचा: दर किलो मालामागे किती किलो कचरा. त्यांनी उद्योगांची तुलना मांडली, तेव्हा तेलशुद्धीकरणाचा आकडा ०.१ च्या आसपास होता, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांचा १ ते ५, आणि औषधांचा २५ पासून १०० च्याही वर. औषधांच्या रेणूंवर सर्वाधिक बुद्धी खर्च होते आणि सर्वाधिक कचराही तिथेच, हे पाहून अनेकांना धक्का बसला. त्या कचऱ्याचा मोठा वाटा अभिकारकांचा नसतोच. तो द्रावकांचा असतो. उतारा आणि ॲटम इकॉनॉमी, दोघेही द्रावकाकडे पाठ करून उभे आहेत.

म्हणून एखाद्या विद्यापीठ गटाची नवी कामगिरी वाचताना मी आधी ‘९८ टक्के उतारा’ बाजूला ठेवतो आणि समीकरण शोधतो. आत काय जाते, बाहेर काय येते? क्रोमियमसारखे ऑक्सिडीकारक पूर्ण प्रमाणात वापरायच्या जागी हवेतला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडा उत्प्रेरक आला असेल, तर ती खरी झेप आहे, भले उतारा ९८ वरून ८८ वर आलेला असो. १-फेनिलइथेनॉलपासून ॲसिटोफेनोन करताना क्रोमियमच्या मार्गाची ॲटम इकॉनॉमी ४२ टक्के आहे, ऑक्सिजनच्या मार्गाची ८७. उताऱ्यातले दहा टक्के पुढचा विद्यार्थी मेहनतीने भरून काढू शकतो. क्रोमियमचा मार्ग तसाच ठेवला, तर त्या ४२ ला कुणाचाही हात लागणार नाही.

उत्प्रेरकाच्या बाबतीत ‘पाच वेळा वापरला, उतारा ९५ च्या खाली गेला नाही’ हे वाक्यही जपून वाचावे. अभिक्रिया दोन तासांत संपत असेल आणि प्रत्येक फेरीला बारा तास दिले असतील, तर उत्प्रेरक अर्धा मेला तरी उतारा ९५च दिसेल. सुरुवातीच्या वेगाची मोजमापे दिली असतील तर तो गट काळजीने काम करतो, असे मी धरून चालतो.

आणि ‘पाण्यात केलेली अभिक्रिया’ किंवा ‘द्रावकविरहित अभिक्रिया’ असे शीर्षकात असले, की मी थेट कार्यपद्धतीच्या परिच्छेदाकडे जातो. पदार्थ स्फटिक होऊन पडला आणि नुसता गाळून घेतला असेल, तर मन खरोखर आनंदते. पण बऱ्याचदा तिथे लिहिलेले असते की मिश्रणातून पदार्थ इथाइल ॲसिटेटने तीनदा, दर वेळी १० मिलिलिटर घेऊन काढला. ३० मिलिलिटर इथाइल ॲसिटेट म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. मिळालेला पदार्थ ९० मिलिग्रॅम असेल, तर द्रावक त्याच्या ३०० पट, आणि पदार्थ शुद्ध करण्याचा, आणखी द्रावक खाणारा सिलिकाचा कॉलम अजून व्हायचाच आहे.