लाकडी कुंडी

अंगणात, ओट्यावर किंवा गच्चीवर झाडे लावण्यासाठी फळ्या जोडून केलेली पेटी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि फळी आखडते. पावसाळ्यात तीच फुगते. पण कुंडी जाते ती बहुधा बुडातून. तळाशी ओल साचली की लाकूड कुजते आणि वाळवीलाही वाट मिळते.

लाकूड सागवानाचे उत्तम, तेही गाभ्याचे. बाहेरचा फिकट भाग वाळवी सोडत नाही. नवे सागवान खिशाला झेपत नसेल तर पाडलेल्या माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या जुन्या सपाट छताच्या, तुळया चिरून घ्याव्यात. वर्षानुवर्षे वाळलेले हे लाकूड पुन्हा फारसे वाकत नाही. फक्त आतले जुने खिळे आधी उपटावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते आणि सुताराचे बोलणे खावे लागते. औता-गाड्यांची बाभूळही चालते. तिच्यात टॅनिन भरपूर असल्याने लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

फळी इंचभर जाडीची असावी. कोपऱ्यात आतून उभा ठोकळा देऊन फळ्या त्यात स्क्रूने कसाव्यात. बुडाच्या फळ्या मात्र भिडवू नयेत. दोन सूत, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर फट ठेवावी. पाणी तिथूनच निघते आणि लाकडाला फुगायला जागा राहते. खाली पाय हवेत, आणि पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे. फळीचे कापलेले टोक सर्वांत जास्त पाणी पिते, तिथे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात जादा द्यावेत. तेलाचा बोळा गुंडाळून टाकू नये, तो आपोआप पेट घेतो, पसरून वाळवावा. व्हार्निशची चमक उन्हात पापुद्रे धरते.

शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो. भिजली की ती फुगते, सांधे उकलते. वाळली की कडेने भेगा पडून पाणी मुळांना न लागता सरळ खाली जाते. पोयटा, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू बरी. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या पेटीत ५४ लिटर माती बसते आणि भिजल्यावर तिचे वजन ८० किलोच्या आसपास जाते. त्यामुळे जागा आधी ठरवावी, माती नंतर भरावी. राहत्या माळवदावर तर ही कुंडी ठेवूच नये: वजन एक, आणि रोजचे झिरपणारे पाणी थेट तुळयांत उतरते.