हरभरा : आनुवंशिकी व वाणसुधार

हरभरा (लॅ. सायसर ॲरिएटिनम, कुल फॅबेसी) या कडधान्याच्या आनुवंशिक घडणीचा अभ्यास आणि त्याआधारे केलेली नव्या वाणांची निर्मिती. वनस्पती द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) असून तिची गुणसूत्रे १६ आहेत. जुन्या काही नोंदींत हा आकडा १४ दिलेला आढळतो, तो आता ग्राह्य धरीत नाहीत. ‘ॲरिएटिनम’ हे जातिनाम मेंढ्याच्या डोक्यावरून पडले. चोच असलेला देशी दाणा बोटांत धरून पाहिला की नावाचे कारण कळते.

उगम : याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाव्हिलॉव्ह यांनी नैर्ऋत्य आशिया व भूमध्य प्रदेश ही मुख्य, तर इथिओपिया हे दुय्यम केंद्र मानले. व्हान डर मासेन यांनी दक्षिण कॉकेशस व उत्तर इराण हा प्रदेश सुचविला. लॅडिझिन्स्की यांनी १९७५ मध्ये आग्नेय तुर्कस्तानातील सायसर रेटिक्युलॅटम ही जाळीदार बीजकवचाची रानटी जाती वर्णिली. लागवडीतील हरभऱ्याशी तिचा संकर सहज होतो व संततीही बव्हंशी जननक्षम असते. त्यामुळे तीच पूर्वज, हे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. या दोन जाती सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी विलग झाल्या असाव्यात, असा जनुकीय अंदाज आहे. तो लागवडीच्या आरंभाचा काळ मानता येत नाही.

ॲबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार पश्चिम आशियातील पावसाळी हिवाळ्यात ॲस्कोकायटा बुरशीचा करपा रोग पीक बुडवीत असे, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पेरणी वसंतावर ढकलली. फुलोऱ्यासाठी थंडी लागण्याचा मूळ गुणधर्म त्यात लोपला आणि थंडीची गरज नसलेली मोजकीच झाडे पुढच्या पिढ्यांची मूळ ठरली. पूर्वजाचे क्षेत्रच मुळात लहान, त्यात ही गाळणी. हरभऱ्यातील आनुवंशिक विविधता तोकडी का, याचे हे उत्तर इतरांपेक्षा अधिक पटणारे आहे.

देशी व काबुली : देशीचे फूल जांभळट व दाणा रंगीत, काबुलीचे दोन्ही पांढुरके. काबुली भारतात बहुधा अठराव्या शतकात अफगाणिस्तानमार्गे आला, नाव त्यावरूनच. पांढरा दाणा एकाच उत्परिवर्तनातून आला, अशी समजूत होती. २०१६ मधील एका संशोधनात रंगाचे नियमन करणाऱ्या एकाच जनुकात वेगवेगळे बिघाड आढळले. काबुली प्रकार एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवला, असा त्याचा अर्थ होतो.

पैदास : भारतातील वाणांचे पद्धतशीर वर्गीकरण पुसा (बिहार) येथे हॉवर्ड दांपत्य व खान यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील कित्येक दशके स्थानिक वाणांतून निवड हीच मुख्य पद्धत राहिली. संकर करणे कष्टाचे असते. कळी उमलण्यापूर्वीच स्वपरागण होत असल्याने मिटल्या कळीची नौतल (पुंकेसरांना झाकणारी होडीसारखी) पाकळी चिमट्याने फाडून दहाही पुंकेसर काढावे लागतात. इतके करूनही बरीच फुले गळतात, आणि टिकलेल्या घाट्यात एक-दोनच दाणे मिळतात.

मर रोग (फ्युजेरियम बुरशीमुळे झाड वाळणे) हा पैदासकारांचा जुना विषय. यासाठी मुद्दाम रोगट राखलेल्या शेतात चाचणीच्या ओळींमध्ये ठरावीक अंतराने ‘जेजी ६२’ हा रोगास बळी पडणारा वाण पेरतात. तो सगळा वाळला, तरच शेजारच्या हिरव्या ओळीवर विश्वास ठेवायचा. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, विशाल व नंतरचा दिग्विजय हे वाण सुपरिचित आहेत; यंत्राने कापणीसाठी उंच वाढणारा फुले विक्रम आहे.

काबुली वाण ‘सीडीसी फ्रंटियर’ याच्या जीनोमचा (संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचा) आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २८,००० जनुके नोंदली आहेत. २०२१ मध्ये ३,३६६ नमुन्यांचे जीनोम अभ्यासले गेले. व्यवहारात मात्र अधिक उपयोग झाला तो ‘आयसीसी ४९५८’ या वाणाच्या चौथ्या सहलग्नता गटावरील (एकाच गुणसूत्रावरील जनुकांच्या गटातील) एका खंडाचा. मुळांची वाढ व अवर्षण सहन करण्याशी निगडित गुण तेथे एकवटले आहेत. मार्करच्या (हव्या खंडाची ओळख पटविणाऱ्या डीएनए-खुणेच्या) साह्याने पश्चसंकर (मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर) करून हा खंड ‘पुसा ३७२’ मध्ये आणला, तो ‘पुसा चिकपी १०२१६’. त्याच पद्धतीने ‘डब्ल्यूआर ३१५’ मधील मरप्रतिकार अण्णिगेरी वाणात उतरविला आहे.

घाटेअळीविरुद्ध इतके यश नाही. झाडावरील ग्रंथिरोमांतून (स्राव सोडणाऱ्या केसांतून) मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले पाझरतात. पहाटे दवात पिकावर फडके पसरून व पिळून जी ‘आंब’ काढीत, ती हीच. यांतील ऑक्झॅलिक अम्ल अळीची वाढ रोखते असे प्रयोगांत दिसले असले, तरी आंब जास्त म्हणजे अळी कमी असा सरळ हिशेब शेतात जमत नाही. बीटी (अळीला मारक प्रथिन बनविणारे, जीवाणूतील) जनुक घातलेला हरभरा प्रयोगशाळेत तयार झाला आहे; व्यापारी लागवडीत तो नाही.