श्रद्धा आणि दावा: वाडीच्या ग्रुपवर नेमकं कशाला उत्तर द्यायचं?

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही दोन वाक्यं पाठोपाठ येतात. "देवाला गाऱ्हाणं घातलं, मन हलकं झालं" आणि "देवाला गाऱ्हाणं घातलं की फुरशाचं विष उतरतं" (फुरसं म्हणजे कोकणात आढळणारा एक विषारी साप). दोन्ही देवाबद्दलचीच दिसतात. म्हणून कोणी दोन्हींना हात जोडतं, कोणी दोन्हींवर तुटून पडतं, आणि चाकरमानी विरुद्ध गाववाले अशी जुंपते ती रात्री उशिरापर्यंत. पहिलं वाक्य श्रद्धेचं आहे, दुसऱ्यात दावा आहे. दोन्हींना एकच उत्तर देऊन भागत नाही.

श्रद्धेत माणूस स्वतःबद्दल बोलतो. आपल्याला आधार कशाचा वाटतो, डोकं कुठे टेकवावंसं वाटतं, ते सांगतो. शिमग्याला पालखी दारात आली आणि डोळे भरून आले, यावर पुरावा मागणं उद्धटपणाचंच. संविधानाच्या २५व्या कलमाने हे स्वातंत्र्य दिलेलं आहे. दाव्यात माणूस जगाबद्दल बोलतो: अमुक केलं की तमुक होतं. दोन्हींतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. हे चुकीचं असेल, तर काय दिसेल? पालखीच्या बाबतीत या प्रश्नाला अर्थच नाही. विषाच्या बाबतीत अर्थ आहे, आणि उत्तर काचेच्या नळीत बघायला मिळतं.

फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर रुग्णालयात शिरेतून साधारण २ मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ठेवतात. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताची गाठ जागेवर राहिली तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे आणि प्रतिविष द्यावं लागतं. ६ तासांनी पुन्हा तीच चाचणी. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसतो, म्हणून नवी काचेची नळीच लागते. विष उतरलं की नाही हे असं तपासतात. रुग्णाच्या घरी कोणत्या देवाचा फोटो आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

इथे विज्ञानाची बाजू घेणारेच एक मोठी चूक करतात. ते लिहितात, "मांत्रिकाकडे गेलेला मरतोच." लगेच ग्रुपवर चार नावं येतात, आणि ती माणसं खरोखर जिवंत असतात. बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचलं जातंच असं नाही. असे रुग्ण मंत्राशिवायही वाचतात. फुरसं चावल्यावर सुरुवातीला नुसती सूज दिसते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त नंतर जायला लागतं. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. तोवर मांत्रिकाने "उतरलं" म्हणून घरी पाठवलेलं असतं. म्हणून वाक्य नेमकं लिहा: "वाचलेल्यांना विष टोचलंच गेलं होतं, हे तपासलं होतं का?"

डॉक्टरांचे दावेही याच कसोटीवर घासले जातात, हे आवर्जून सांगावं. लाल विंचवाच्या, म्हणजे इंगळीच्या दंशाने कोकणात माणसं दगावत होती, रुग्णालयात पोचूनसुद्धा. १९७०च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या नाडीच्या, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. मरण हृदयावर आलेल्या ताणामुळे आणि फुप्फुसांत पाणी भरल्याने येतं, हे त्यातून पुढे आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लागू पडलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. आधीचे उपचार डॉक्टरांचेच होते, तरी ते मागे पडले.

कायदाही हाच फरक करतो. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं मात्र गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गाऱ्हाणं घालून कोणी १०८ला फोन केला, तर त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही.

चर्चा बिघडते ती दावा कोंडीत सापडल्यावर. "विष उतरतं" म्हणणारा पुरावा मागितला की म्हणतो, "ही आमची श्रद्धा आहे, भावना दुखावू नका." अशा वेळी चिडू नका, 'अडाणी' म्हणू नका, गुरवाचा किंवा कोणाच्या जातीचा उल्लेख तर अजिबात नको. त्याचंच वाक्य उद्धृत करून लिहा: "आबा, तुमच्या देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. 'विष उतरतं' एवढ्याच वाक्याबद्दल विचारतोय." वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडलं की तो मत बदलत नाही, ग्रुप सोडतो. पुढचं बोलणं खासगीत करा.

आणि कोणाला खरोखर चावलं असेल तर वाद तिथल्या तिथे बंद. आधी हे टाका: हालचाल थांबवा, फळीचा आधार देऊन हात-पाय स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, चावल्याची वेळ लिहा. कापणं, चोखणं, करकचून आवळणं नको. प्रतिविष कुठे आहे ते फोन करून विचारा आणि थेट तिथेच न्या.

काही वाक्यांत मात्र दोन्ही गुंतलेलं असतं, आणि ती सोडवायला सगळ्यात अवघड. "नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो" यात पिढ्यांचं निरीक्षण आहे, कारण ऑगस्टच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर साधारण ओसरू लागतो. पण पौर्णिमा तिथीवर चालते. कधी ती ऑगस्टच्या सुरुवातीलाच येते, तर २०२३ साली अधिक श्रावणामुळे अगदी महिन्याच्या अखेरीस गेली. वारा पंचांग बघून पडत नाही. म्हणून सोन्याच्या नारळाला, मिरवणुकीला बोल लावायचा नाही. उत्तर फक्त होडीपुरतं द्यायचं: "नारळ दिलात, छान झालं. निघायच्या आधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघितलात का? वाऱ्याचा वेग किती दिलाय?"