ब्लूबेल: नावाचा गुंता आणि १९९८चा निर्णय

एप्रिलच्या अखेरीला इंग्लंडमधल्या जुन्या रानांत, ओकला पुरती पालवी फुटायच्या आत, जमीन निळी होऊन जाते. वर पानं दाटली की खाली ऊन पोचत नाही, म्हणून ब्लूबेलला सगळं त्याआधीच उरकावं लागतं. हे निळे गालिचे बहुतेकांनी निदान फोटोत तरी पाहिलेले असतात. गुंता आहे तो नावाचा, आणि या फुलाचं बरंचसं नुकसान त्या गुंत्यातूनच झालं असं मला वाटतं.

१७५३मध्ये त्याला ‘हायसिंथस नॉन-स्क्रिप्टस’ म्हटलं गेलं. ग्रीक कथेत हायसिंथस हा तरुण थाळीचा घाव लागून मरतो, त्याच्या रक्तातून फूल उगवतं आणि पाकळ्यांवर शोकाची अक्षरं उमटतात. रानातल्या या फुलावर तसलं काही नाही, म्हणून ‘नॉन-स्क्रिप्टस’, म्हणजे अक्षरं नसलेलं. पुढे प्रजाती बदलत गेली: सिला, एंडिमिऑन, आणि १९४४मध्ये हायसिंथॉइडिस, ‘हायसिंथसारखं’. आपल्या कोकणातल्या सड्यांवरची दीपकाडी याच्याच उपकुळातली.

शास्त्रीय नावाचा माग तरी काढता येतो, बोलीतल्या नावाचं तसं नाही. स्कॉटलंडमध्ये ‘ब्लूबेल’ म्हणजे उन्हाळ्यात माळावर डोलणारं भलतंच फूल. आणि बागवाल्यांकडे ‘ब्लूबेल’ म्हणून मिळणारा कंद पुष्कळदा स्पॅनिश ब्लूबेलचा. सतराव्या शतकाच्या अखेरीला शोभेसाठी आणलेलं हे फूल १९०९मध्ये बागेबाहेर वाढताना नोंदलं गेलं. मूळ फुलाशी त्याचा संकर होतो आणि त्या संकरालाही बी धरतं. ओळखायचं तर दांडा बघावा. मूळ ब्लूबेलचा दांडा शेंड्याशी लवलेला, फुलं एकाच बाजूला लोंबणारी, वास गोडसर, पराग दुधट पांढरे. स्पॅनिश दांडा ताठ, फुलं चौफेर, पराग निळसर.

ब्रिटनमधल्या १९८१च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानटी रोप उपटायला बंदी आली. पण मालकानेच आपल्या रानातले कंद खणून विकले तर? ती वाट १९९८मध्ये बंद झाली. ब्लूबेल संरक्षित यादीत गेलं, पण केवळ विक्रीपुरतं. स्पॅनिश कंदांच्या विक्रीला हा निर्णय शिवतही नाही, म्हणून मला तो अर्धाच वाटतो. संकराची भीती अवाजवी आहे, असं म्हणणारेही आहेत. रानात मूळ फुलं संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि स्कॉटलंडमधल्या अलीकडच्या प्रयोगांत बी धरण्यातही तीच सरस ठरली.

फोटोसाठी पायवाट सोडून आत शिरणाऱ्यांबद्दल मात्र दुमत नाही. तुडवलेल्या पानांना कंद पोसता येत नाही, आणि बी पडल्यापासून पहिलं फूल दिसायला चार-पाच वर्षं जातात.